स्वतःच्या हातचा एकही कागद नसलेली बाई: ॲन हचिन्सनच्या कुळाचा माग

अमेरिकेतील बॉस्टनच्या पहिल्या चर्चच्या सभासदांच्या यादीत २६ ऑक्टोबर १६३४ रोजी विल्यम हचिन्सन या कापडाच्या व्यापाऱ्याचे नाव चढले. त्याची बायको ॲन हिचे नाव मात्र एका आठवड्यानंतर, २ नोव्हेंबरला चढले. नवरा-बायको एकाच जहाजातून आलेली, एकाच घरात राहणारी, एकाच धर्मोपदेशकाच्या ओढीने समुद्र ओलांडून आलेली असताना हा आठवड्याचा फरक का पडला, हा प्रश्न या प्रकरणात शिरण्याचा सर्वांत सोपा दरवाजा आहे. ‘ग्रिफिन’ जहाजावरच्या प्रवासात झकरिया सिम्स नावाच्या धर्मोपदेशकाशी ॲनचे खटके उडाले होते आणि तिची मते ठीक नाहीत, असे त्याने बॉस्टनमध्ये उतरल्यावर कळवले होते. म्हणून तिची वेगळी तपासणी झाली आणि त्या तपासणीत एक आठवडा गेला. तीन वर्षांनी तिच्यावर जो खटला उभा राहिला, त्याची पहिली खूण अशी एका यादीतल्या दोन तारखांमध्ये दडलेली आहे.

सतराव्या शतकातील न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील इंग्रज वसाहतींच्या, प्युरिटन (इंग्लंडच्या चर्चमध्ये आणखी सुधारणा मागणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंट) वसाहतकारांपैकी ॲन हचिन्सनचे नाव आज सर्वांत जास्त घेतले जाणाऱ्यांत मोडते. परंतु तिच्या स्वतःच्या हातचा एकही कागद आपल्यापाशी नाही. तिचे आयुष्य इतरांच्या लेखण्यांतून जमवावे लागते. त्या लेखण्याही दोन टोकांच्या आहेत. एका बाजूला चर्चचे नोंदपुस्तक भरणारा कारकून, ज्याला तिच्याविषयी काहीच म्हणायचे नव्हते, आणि दुसऱ्या बाजूला तिचे प्रतिपक्षी, ज्यांना तिच्याविषयी फारच बोलायचे होते. पुढील विवेचनात हे दोन प्रकारचे कागद एकमेकांशेजारी ठेवून पाहिले आहेत. माझ्या मते या प्रकरणात कारकुनावर जितका भरवसा ठेवता येतो, तितका तिच्याविषयी पानेच्या पाने लिहिणाऱ्या कुणावरही ठेवता येत नाही.

आल्फर्डचे नोंदपुस्तक

इंग्लंडमध्ये प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवावी, असा हुकूम १५३८ मध्ये निघाला. १५९८ मध्ये त्या नोंदी टिकाऊ चर्मपत्रावर उतरवून घ्याव्यात आणि दरवर्षी एक नक्कल बिशपच्या कचेरीत पाठवावी, असेही ठरले. या दुहेरी व्यवस्थेमुळे लिंकनशर परगण्यातील आल्फर्ड या छोट्या बाजारगावात २० जुलै १५९१ रोजी ॲन मार्बरी नावाच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला, हे आज ठामपणे सांगता येते. जन्मतारीख मात्र मिळत नाही. त्या काळच्या नोंदपुस्तकांत बहुधा बाप्तिस्म्याची तारीख असते, जन्माची नसते. वंशावळींत बाप्तिस्म्याची तारीख सर्रास जन्मतारीख म्हणून छापली जाते, ती चूक येथे टाळलेली बरी.

तिचा बाप फ्रान्सिस मार्बरी हा आल्फर्डचा धर्मोपदेशक आणि तिथल्या शाळेचा शिक्षक होता. पाद्री अडाणी असतात आणि त्यांना नेमणारे बिशप त्याला जबाबदार आहेत, असे तोंडावर सांगितल्याबद्दल १५७८ मध्ये लंडनच्या बिशपापुढे त्याची चौकशी झाली आणि त्याला मार्शलसी तुरुंगात टाकण्यात आले. त्या चौकशीतील सवाल-जवाब त्याने नंतर आठवून स्वतः लिहून काढले. आई ब्रिजेट ही त्याची दुसरी बायको, नॉर्थहॅम्प्टनशर परगण्यातील कॅनन्स ॲशबी येथील ड्रायडन घराण्यातली. तिचा भाऊ इरॅस्मस हा पुढे प्रसिद्ध झालेल्या कवी जॉन ड्रायडनचा आजोबा. पुढे मार्बरी कुटुंब लंडनला गेले, तिथे १६११ मध्ये फ्रान्सिस वारला आणि पुढच्याच वर्षी ९ ऑगस्टला लोम्बार्ड स्ट्रीटवरील सेंट मेरी वुलनॉथ चर्चमध्ये ॲनचे लग्न विल्यम हचिन्सनशी झाले. विल्यम आल्फर्डचाच, त्याचा बापही कापडाचा व्यापारी होता. लग्न करून ॲन आपल्या जन्मगावी परत आली.

यानंतरची एकवीस वर्षे आल्फर्डचे नोंदपुस्तक तिची साथ सोडत नाही. २८ मे १६१३ रोजी थोरल्या एडवर्डचा बाप्तिस्मा झाला, नंतर सुझॅना, रिचर्ड, फेथ, ब्रिजेट, फ्रान्सिस, एलिझाबेथ, विल्यम, सॅम्युअल, ॲन, मेरी, कॅथरिन, पुन्हा विल्यम आणि १५ नोव्हेंबर १६३३ रोजी पुन्हा सुझॅना. चौदा मुले, सरासरी दीड वर्षाच्या अंतराने. पंधरावा झुरिएल बॉस्टनमध्ये झाला.

ही यादी वाचताना पहिली ठेच तारखांत लागते. फेथचा बाप्तिस्मा १४ ऑगस्ट १६१७ चा आणि ब्रिजेटचा, मूळ पुस्तकाच्या हिशेबाने, १५ जानेवारी १६१८ चा. म्हणजे दोघींत पाच महिन्यांचे अंतर! अनुभवी वाचक येथे नोंद खोटी ठरवत नाही, दिनदर्शिका तपासतो. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे जानेवारी १६१८ हा ऑगस्ट १६१८ च्या नंतरचा महिना असतो, म्हणजे आपल्या हिशेबाने तो जानेवारी १६१९. अंतर लगेच सतरा महिन्यांवर येते आणि यादी पुन्हा नेहमीच्या चालीवर जाते. एलिझाबेथची फेब्रुवारी १६२१, मेरीची फेब्रुवारी १६२७ आणि कॅथरिनची फेब्रुवारी १६२९ या तिन्ही तारखा अशाच एका वर्षाने पुढे घ्याव्या लागतात. शके आणि इसवी सनाचा मेळ घालताना ७८ मिळवायचे की ७९, हा पौष-माघातला घोळ ज्यांनी जुन्या कागदांत सोडवला आहे, त्यांना हे नवे वाटणार नाही.

दुसरी ठेच नावांची. या घरात दोन विल्यम आहेत आणि दोन सुझॅना. पहिली सुझॅना १६१४ ची. तिचे दफन ८ सप्टेंबर १६३० रोजी झाल्याची नोंद आहे आणि त्यानंतर महिनाभरातच एलिझाबेथचेही. त्या वर्षी आल्फर्डमध्ये प्लेग होता. सोळा आणि आठ वर्षांच्या दोन मुली एका महिन्यात गेल्या. १६३३ मध्ये झालेल्या मुलीला गेलेल्या थोरलीचे नाव ठेवले गेले. पहिल्या विल्यमच्या बाबतीत तो लहानपणीच गेला असावा, हे अनुमान १६३१ मध्ये ते नाव दुसऱ्या मुलाला मिळाल्यावरून काढावे लागते. हे अनुमान पक्के वाटले तरी त्याला नोंदीचा दर्जा देता येत नाही, कारण त्या काळात दोन हयात भावांचे एकच नाव असल्याची उदाहरणे सापडतात. एक नाव दोनदा आले की घाईत काम करणारा वंशावळकार दोन्ही माणसे एकच समजतो. मग १६१४ ला जन्मलेल्या सुझॅनाचे लग्न अमेरिकेत लागते आणि तिच्या वयाचा हिशेब कुठेच जुळत नाही.

समुद्रापलीकडे

१६२० ते १६४० या काळात सुमारे २०,००० लोक इंग्लंडहून न्यू इंग्लंडला गेले. हचिन्सन कुटुंबाच्या बाबतीत कारण स्पष्ट आहे. आल्फर्डहून घोड्यावरून दिवसभराच्या अंतरावर असलेल्या इंग्लंडमधल्याच जुन्या बॉस्टन गावी जॉन कॉटन हा प्युरिटन धर्मोपदेशक होता. त्याची प्रवचने ऐकायला ॲन आणि विल्यम जात. कॉटनला १६३३ मध्ये इंग्लंड सोडावे लागले. त्याच जहाजातून थोरला एडवर्ड पुढे गेला आणि पुढच्या वर्षी, १८ सप्टेंबर १६३४ रोजी, बाकीचे कुटुंब नव्या बॉस्टनला पोहोचले. विल्यमची बहीण मेरी हिचा नवरा जॉन व्हीलराइट हाही धर्मोपदेशक होता आणि तोही १६३६ मध्ये मागोमाग आला. या वसाहतीत माणसे एकेकटी आलेली फार कमी दिसतात. नात्याची आणि गावाची अख्खी गुंफण उचलून आणलेली असते. म्हणूनच एका माणसाचा माग काढायचा तर त्याच्या मेव्हण्यांचा, साडूंचा आणि शेजाऱ्यांचा माग काढावा लागतो.

हचिन्सन घराची जागा आजच्या स्कूल स्ट्रीट आणि वॉशिंग्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर होती. समोरच गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप राहत असे. हा तपशील केवळ भूगोलाचा नाही. ॲनविषयी आपल्याला जे काही माहीत आहे, त्यातला मोठा भाग विन्थ्रॉपच्या रोजनिशीतून आणि १६४४ मध्ये लंडनला छापलेल्या त्याच्या कथनातून येतो. म्हणजे साक्षीदार हा समोरचा शेजारी, खटल्याचा न्यायाधीश आणि वसाहतीचा कर्ता पुरुष, असा तिहेरी आहे. विल्यमला त्याने बायकोच्या तंत्राने चालणारा मवाळ, अल्पबुद्धी माणूस ठरवले आहे. पण हाच विल्यम वसाहतीच्या सर्वसाधारण सभेचा प्रतिनिधी होता आणि पुढे पोर्ट्समथमध्ये लोकांनी त्याला प्रमुख निवडले. विन्थ्रॉपचा शेरा त्या हिशेबाने वाचावा.

ॲन बाळंतपणांत मदतीला जात असे आणि तिथूनच तिचा बायकांशी संबंध वाढला. पंधरा वेळा बाळंत झालेल्या बाईचा त्या खोलीतला शब्द वजनदार असणार, आणि हे समजायला आल्फर्डचे नोंदपुस्तक पुरेसे आहे. पुढे तिच्या घरी आठवड्याच्या प्रवचनावर चर्चा करण्यासाठी बायका जमू लागल्या, मग पुरुषही येऊ लागले आणि साठ-ऐंशी माणसे बसू लागली. कॉटन आणि व्हीलराइट सोडले, तर वसाहतीतले बाकीचे धर्मोपदेशक माणसाच्या आचरणाला त्याच्या मुक्तीचा पुरावा मानतात आणि ईश्वरी कृपेची शिकवण नीट देत नाहीत, असे तिचे म्हणणे असल्याचा आरोप झाला. नोव्हेंबर १६३७ मध्ये न्यूटाउनला, म्हणजे आजच्या केंब्रिजमध्ये, दोन दिवस तिची चौकशी झाली. पहिल्या दिवशी तिने सवालाला सवालाने उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी धर्मोपदेशकांनी शपथेवर साक्ष द्यावी, असा तिने आग्रह धरला; पण मग आपल्याला ईश्वराकडून साक्षात्कार होतो, असे ती बोलून गेली आणि तेवढे न्यायाधीशांना पुरले. तिला हद्दपारीची शिक्षा झाली. हिवाळाभर रॉक्सबरीत जोसेफ वेल्डच्या घरी नजरकैदेत ठेवून मार्च १६३८ मध्ये चर्चनेही तिला बहिष्कृत केले. तिच्या बाजूच्या माणसांकडून बंदुका आणि तलवारी काढून घेण्याचा हुकूम आधीच निघाला होता. हुकुमातली पंचाहत्तर पुरुषांची ती यादी वंशशोधकाला सभासदयादीइतकीच उपयोगी पडते, कारण कोण कोणाच्या बाजूला होता, हे तिच्यातून उघड होते. तिचा मुलगा एडवर्ड आणि फेथचा नवरा थॉमस सॅव्हेज दोघेही तिच्यात आहेत.

हे लोक बॉस्टन सोडून अक्विडनेक बेटावर गेले आणि पोर्ट्समथ वसवले. त्यांच्या करारनाम्यावर तारीख आहे ‘पहिल्या महिन्याचा सातवा दिवस, १६३८’. येथे पुन्हा दिनदर्शिका आडवी येते. हा ७ जानेवारी नव्हे. वर्ष मार्चमध्ये सुरू होत असल्याने पहिला महिना म्हणजे मार्च, आणि महिन्यांची मूळची रोमन देवतांची नावे टाळण्यासाठी प्युरिटन लोक अनेकदा नुसता क्रमांक लिहीत. करार ७ मार्चचा ठरतो, म्हणजे चर्चमधील ॲनची शेवटची सुनावणी २२ मार्चला व्हायच्या आधीचा. निकाल काय लागणार, हे घरच्यांना ठाऊक होते आणि विल्यमने पुढची जागा आधीच ठरवली होती, हे त्या एका तारखेवरून कळते. तारीख जानेवारीत ढकलली तर हा सारा क्रम बिघडतो.

प्रतिपक्षाच्या कागदांतून खरी माहिती कशी गाळून घ्यावी, याचे उदाहरण त्याच वर्षातले आहे. मे १६३८ च्या सुमारास ॲनला एक विकृत गर्भ पडला. विन्थ्रॉपने त्याचे वर्णन जॉन क्लार्क या वैद्याकडून मागवून घेतले आणि हा पाखंडाबद्दलचा ईश्वरी कोप असल्याचे मांडले. ऑक्टोबर १६३७ मध्ये तिची मैत्रीण मेरी डायर हिला मृत मूल झाले होते. तेव्हा ॲन तिच्याजवळ होती. ती गोष्ट उघड झाल्यावर विन्थ्रॉपने तो देह उकरून तपासायला लावला. परंतु ॲनच्या गर्भाचे द्वेषाने मागवलेले वर्णन इतके बारकाईचे होते की १९५९ मध्ये दोन डॉक्टरांनी ते वाचून निदान केले: द्राक्षगर्भ, अर्थात गर्भाऐवजी द्राक्षांच्या घडासारख्या फोडांचा गोळा वाढणे. शेहेचाळीस वर्षे वयाच्या, सोळाव्यांदा गरोदर राहिलेल्या बाईत हे अनपेक्षित नव्हे. लेखकाचा निष्कर्ष टाकून द्यावा आणि निरीक्षण ठेवावे. या प्रकरणात हे पुन्हा पुन्हा करावे लागते.

१६४३ नंतरची मोजणी

विल्यमच्या मृत्यूनंतर, बॉस्टनची मॅसॅच्युसेट्स वसाहत पोर्ट्समथ जिथे होते ते रोड आयलंडही गिळेल या भीतीने ॲन धाकट्या मुलांना घेऊन डचांच्या न्यू नेदरलंडमध्ये, आजच्या न्यूयॉर्कमधील पेल्हॅम बे परिसरात राहायला गेली. डच गव्हर्नर विलेम किफ्टने फेब्रुवारी १६४३ मध्ये पाव्होनिया येथे आश्रयाला आलेल्या मूलनिवासींची कत्तल करवली होती आणि सूड पेटलेला होता. ऑगस्ट १६४३ मध्ये सिवानॉय या मूलनिवासी लोकांच्या हल्ल्यात ॲन आणि तिच्या घरातली जवळजवळ सर्व माणसे मारली गेली. धर्मोपदेशक थॉमस वेल्डने विन्थ्रॉपच्या कथनाला जोडलेल्या प्रस्तावनेत हा ईश्वरी न्याय म्हणून गौरवला.

त्या दिवशी नेमके कोण मेले, याची नोंदवही कुणी भरली नाही. आल्फर्डमध्ये असा प्रसंग आला असता तर दफनांच्या पानावर सर्वांची नावे आली असती. येथे वजाबाकी करावी लागते. पंधरा मुलांपैकी तीन, पहिला विल्यम धरून, इंग्लंडमध्येच गेली, राहिली बारा. त्यांतली सहा १६४३ नंतरच्या कागदांत हयात दिसतात: एडवर्ड, लंडनला परतलेला रिचर्ड, फेथ, ब्रिजेट, सॅम्युअल आणि धाकटी सुझॅना. फ्रान्सिस, ॲन, मेरी, कॅथरिन, विल्यम आणि सात वर्षांचा झुरिएल पुढे कुठेच येत नाहीत. मुलगी ॲन हिचा नवरा विल्यम कॉलिन्सही नाहीसा होतो. बहुतेक वंशावळी या सर्वांपुढे ‘ऑगस्ट १६४३’ असे बेधडक लिहितात. ते संभवनीय आहे, पण प्रत्येकाच्या बाबतीत तो निष्कर्ष आहे, आणि तसे लिहिले पाहिजे.

उरलेल्या शाखा विरुद्ध दिशांना वाढल्या. ब्रिजेटचा नवरा जॉन सॅनफर्ड पोर्ट्समथमध्येच राहिला आणि त्यांचा मुलगा पेलेग १६८० मध्ये रोड आयलंडचा गव्हर्नर झाला. एडवर्ड आणि सॅव्हेज बॉस्टनला परतले. मूलनिवासींशी बोलणी करायला गेलेल्या एडवर्डवर १६७५ मध्ये ब्रुकफिल्डजवळ छापा पडला आणि त्या जखमांनी तो वारला. ॲनची धाकटी बहीण कॅथरिन प्रॉव्हिडन्सला होती. ती क्वेकर या बंडखोर ख्रिस्ती पंथाची झाली आणि १६५८ मध्ये बॉस्टनला तीन क्वेकरांचे कान कापल्याचा निषेध केल्याबद्दल तिला चाबकाचे फटके बसले.

एडवर्डचा पणतू थॉमस हचिन्सन राजाच्या बाजूचा होता आणि मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला. २६ ऑगस्ट १७६५ च्या रात्री कागदपत्रांवर कर लावणाऱ्या स्टँप कायद्यावर चिडलेल्या जमावाने त्याचे घर फोडले आणि वसाहतीच्या इतिहासाची त्याची हस्तलिखिते रस्त्यावरच्या चिखलात पडली. एका धर्मोपदेशकाने ती गोळा करून आणली. १७६७ मध्ये छापलेल्या त्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडाच्या पुरवणीत थॉमसने आपल्या खापरपणजीच्या, म्हणजे ॲनच्या, चौकशीचे सवाल-जवाब दिले. तिचे स्वतःचे बोलणे म्हणून जे काही आज वाचायला मिळते, ते मुख्यतः या घरातल्या माणसाने छापल्यामुळे.

इतक्या नामांकित कुळाला खोट्या फांद्या फुटणारच. मॅसॅच्युसेट्समध्येच सेलमला आणखी एक रिचर्ड हचिन्सन होता, नॉटिंगहॅमशरमधून आलेला. त्याशिवाय ॲनचा मुलगा रिचर्ड आणि तिचा दीर रिचर्ड. या तिघांची सरमिसळ नेहमीची आहे. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या मृत्युदंडाच्या आज्ञापत्रावर सही करणारा कर्नल जॉन हचिन्सन याच्याशी हे कुळ जोडण्याचा मोहही जुना. १८६० च्या दशकात जोसेफ लेम्युएल चेस्टर यांनी इंग्लंडमधील दप्तरे चाळून विल्यमचे मूळ लिंकन शहरात, तिथल्या महापौर असलेल्या आजोबापर्यंत नेले. मार्बरी-ड्रायडन बाजूने मात्र राजघराण्यापर्यंत जाणारी वाट कागदोपत्री टिकते, आणि त्यामुळेच अमेरिकेतील वंशशोधकांना ॲन सापडली की फार आनंद होतो. फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश तिचे वंशज आहेत. १९८७ मध्ये गव्हर्नर मायकल ड्युकॅकिस यांनी तिची हद्दपारी रद्द केली.

धाकटी सुझॅना हल्ल्याच्या वेळी दहा वर्षांचीही नव्हती. सिवानॉय लोकांनी तिला पकडून नेले आणि काही वर्षांनी ती बॉस्टनला परत आली. तिच्या त्या वर्षांविषयी पुष्कळ कहाण्या रचल्या गेल्या आहेत. बॉस्टनच्या नोंदपुस्तकात मात्र ३० डिसेंबर १६५१ या तारखेला एका ओळीत तिचे लग्न आहे: वर जॉन कोल, गावातल्या पहिल्या खानावळवाल्याचा मुलगा. त्यांना अकरा मुले झाली. पुढे ती दोघे सुझॅनाच्या भावाच्या, एडवर्डच्या, जमिनीवर, नॅरगॅन्सेट मुलखात राहायला गेली आणि १७०७ मध्ये जॉन वारला तेव्हा आल्फर्डच्या पुस्तकातल्या चौदा नावांपैकी शेवटचे नाव अजून हयात होते.